तेरडा, मुक्काम अल खौद

आमच्या घरची गौर तेरड्याची. मुखवटा पितळेचा, साडी खरी, दागिने बऱ्यापैकी खरे. पण अंग तेरड्याचे. मुळांसकट उपटलेली पाच रोपे एकत्र बांधायची, मुळांना माती तशीच ठेवायची. तेरडा हे सड्यावर, माळावर, पावसाळ्यात कुणी न लावता उगवणारे रानफूल. आमच्याकडे ते इतके उगवते की त्याला कुणी विचारत नाही. मस्कतमध्ये ते उगवतच नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आमचा यंदाचा उन्हाळा गेला.

सुरुवात फोनवर झाली. पुण्याहून उत्तरावहिनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने, जाहीर केले की गुडघ्यांमुळे यंदापासून गौर त्यांच्याने होणार नाही. नयना भेंडी चिरत होती, फोन स्पीकरवर होता. तिने सुरी खाली न ठेवता सांगितले, "मग आमच्याकडे बसवू."

"मस्कतला?" वहिनी म्हणाल्या. "आणि तेरडा कुठून आणणार? का खजुराची गौर बसवताय?"

आई तेव्हा पुण्यालाच होती आणि जूनमध्ये आमच्याकडे यायची होती. तिने निकाल दिला. "तेरडा मिळणार असेल तर मुखवटा घेऊन येते. नाही मिळाला तर मुखवटा देवळात देऊन टाकायचा. थर्माकोलच्या अंगावर आपली गौर बसत नाही."

"फोटो पाठव हं, नयना," वहिनींनी शेवट केला. "मुळं दिसतील असा."

नयना दर वर्षी गणपतीत रजा काढून पुण्याला जायची आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात सोळा भाज्या निवडून परत यायची. गौरीच्या पुढ्यात बसायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. ती कायम पडवळ आणि गवार यांच्या पुढ्यात असे. तिला एकदा गौर स्वतःच्या दारातून आत आणायची होती. हे तिने मला सांगितले नाही. पण फोन ठेवल्यावर तिने उरलेली भेंडी ज्या वेगाने चिरली, त्यावरून मला ते कळले.

मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक आहे. दुपारी कचेरीत जातो, पाने छपाईला सोडून परत येतो. दुसऱ्यांनी लिहून आणलेल्या मजकुरावर संशय घेण्याचा मला पगार मिळतो, आणि ही सवय कचेरीच्या दारात काढून ठेवता येत नाही. तेव्हा आईने फोनवर "बी काय, पदराला गाठ मारून आणते" असे म्हटल्याबरोबर मी ताबडतोब नाही म्हणालो. प्रवाशाकडे बेकायदा बियाणे सापडल्याची बातमी मी स्वतः दोनदा लावली आहे. तिसऱ्या बातमीत आडनाव माझे नको होते.

रीतसर परवान्यासाठी इथल्या कृषी खात्यात गेलो. खिडकीमागचा माणूस सभ्य होता, हिंदी चांगले बोलत होता, आणि माझ्याकडे पाहण्याची त्याची पद्धत मला ओळखीची वाटली. बातमीदाराने मंत्र्याचे विधान नावाशिवाय आणले की मी तसाच पाहतो.

"ये पौधा खाते हैं?" त्याने विचारले.

"नहीं."

"दवा?"

"नहीं."

"खुशबू?"

"बिलकुल नहीं."

"फिर क्यों?"

प्रश्न रास्त होता. मी देवी, मुखवटा, मुळे, माती हे सगळे सांगितले. त्याने शेजारच्या सहकाऱ्याला बोलावले. मी पुन्हा सांगितले. दोघांनी मिळून तिसऱ्याकडे पाहिले. तिसऱ्याने मान वर न करता विचारले, "सूखने के बाद क्या करते हैं? धुआँ?" मी म्हणालो, पाण्यात सोडतो. हे ऐकून तिघेही आणखी गंभीर झाले. कोणत्याही उपयोगाशिवाय एखादी गोष्ट वाढवायची आणि मग पाण्यात सोडायची, असे सांगणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता.

चार खेपांनंतर परवाना मिळाला. त्यात 'शोभेची वनस्पती' असे लिहिले होते. ते ऐकून आई फोनवरच दुखावली. "शोभेची? गौर काय फ्लॉवरपॉटमध्ये ठेवणारेस?" खाली एक अट होती: बी नमूद केलेल्या पत्त्यावरच लावावे, रोप त्या जागेबाहेर जाऊ नये. ही अट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली आणि कागद फ्रिजवर लावला. आई बी आणि मुखवटा घेऊन आल्यावर तिलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं, बरं." या उत्तराचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्ही अल खौदला एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. पुढे चिंचोळे अंगण आहे. वरच्या मजल्यावर चिपळूणच्या खैरुन्निसाचाची राहतात. त्या घरी शिवणकाम करतात, मुलगा सोहारला नोकरीला. शेजारच्या व्हिलात अंबरीश, पुण्याचा, तेल कंपनीत अभियंता आणि इतर सर्व विषयांत सल्लागार. बी रुजल्याचे त्याला माझ्याआधी कळले.

"जेपी, तुझं मूळ गृहीतकच चुकतंय," तो कुंपणावरून म्हणाला. बाहेर बेचाळीस अंश होते आणि त्याच्या हातात ताकाचा ग्लास होता. "तेरड्याला काय हवंय? सह्याद्री. तू त्याला काय देतोयस? ओमान. तर सह्याद्री तयार करावा लागेल."

सह्याद्री असा तयार झाला: वर हिरवी जाळी, दोन्ही बाजूंना ओले गोणपाट, एक पंखा, आणि एसीच्या नळीतून टपकणारे पाणी एका पाइपने कुंड्यांवर. पाऊस तयार झाला. मग अंबरीश म्हणाला की धुके नाही. धुक्यासाठी तो रोज बर्फ आणून कुंड्यांभोवती रचायचा आणि "आता महाबळेश्वर वाटतंय का?" असे रोपांकडे बघून विचारायचा. रोपे उत्तर देत नसत. पण आश्चर्य म्हणजे ती वाढली. नखाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग वितीएवढी. आई संध्याकाळी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. नयनाने रोपांचा फोटो वहिनींना पाठवला. वहिनींचे उत्तर आले: "पालक छान आलाय."

आता बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत होते, ते निःपक्षपणे नोंदवतो. अंगणाच्या कोपऱ्यात हिरव्या जाळीने झाकलेली जागा. आत पंखा चालू. गोणपाटे. पाइप. एक माणूस रोज बर्फ घेऊन येतो. एक म्हातारी पहारा देते. हे आमचे घरमालक अबू सालिम यांनी एका संध्याकाळी फेरफटका मारताना पाहिले आणि फाटकाशी थांबले.

आम्ही त्यांना कॉफी दिली. त्यांनी आईची तब्येत विचारली, पुण्याचा पाऊस विचारला, मग कप हलवून पुरे झाल्याची खूण केली आणि म्हणाले, "जाली के नीचे क्या है?"

"फूल, अर्बाब," मी म्हणालो. अर्बाब म्हणजे इथल्या बोलीत मालक.

"फूल दिखाओ."

"अभी फूल नहीं आया."

"अच्छा," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी इतका लांबवला की त्यात एक पूर्ण चौकशी बसली असती. मी परवाना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "शोभा के लिए," ते म्हणाले आणि जाळी, गोणपाट, पंखा यांच्याकडे आळीपाळीने पाहिले. शोभा कुठे आहे, हे त्यांनी विचारले नाही. तेवढा त्यांचा चांगुलपणा.

आणि मग रोपे कमी होऊ लागली.

पहिले गेले तेव्हा वाटले, मांजर. दुसरे गेले तेव्हा मी जागेची पाहणी केली. रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट गेले होते आणि खड्डा पुन्हा बुजवून वर हलक्या हाताने थापलेले होते. मांजर खड्डा बुजवत नाही. चोरही बुजवत नाही. हे कुणीतरी नीटनेटक्या स्वभावाचे होते आणि मी कचेरीत असताना येत होते.

नयना म्हणाली, "तूच मोजायला चुकलास."

हे मला लागले. मोजण्यात चुकणाऱ्या माणसाला दैनिकात कुणी ठेवत नाही.

आई म्हणाली, "नजर लागली असेल."

"नजर लागली तर रोप सुकतं, आई. उठून जात नाही."

"तुला सगळं ठाऊक," ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

मी पद्धतशीर विचार केला. तेरड्याची गरज कुणाला? अंबरीशकडे गौर बसते, पण ती खड्यांची. नदीकाठचे पाच खडे आणले की झाले. म्हणजे त्याला रोपे चोरण्याचे काहीच कारण नाही. इतके स्वच्छ निर्दोष असलेल्या माणसावर लक्ष ठेवणे मला भाग होते. शिवाय सह्याद्री त्याने बांधला होता. आत-बाहेरच्या वाटा त्याला माहीत होत्या. मी त्याला सहज विचारल्यासारखे विचारले, "अंबरीश, खडे आणि तेरडा, तुमच्यात दोन्ही चालतं का रे?"

त्याने ताकाचा ग्लास खाली ठेवला. "तू माझ्यावर संशय घेतोयस."

"मी फक्त माहिती विचारली."

"मी तुझ्यासाठी ऑफिसच्या पँट्रीतून बर्फ ढापला, जेपी. ढापला! माझ्या आयुष्यातली पहिली चोरी. आणि तू..." तो घरात गेला. दुसऱ्या दिवसापासून धुके बंद झाले.

तिसरे रोप गेले तेव्हा माझ्या हाती पुरावा आला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माती. ओली, आमच्याच कुंडीतली, शेणखताचा वास असलेली. जिना एकाच घराकडे जातो. मी वर गेलो. खैरुन्निसाचाचींनी दार अर्धेच उघडले. नेहमी त्या सताड उघडतात आणि आत ओढून शेवया खायला घालतात.

त्यांच्या बोटांची टोके केशरी होती. तेरड्याची पाने वाटून लावली की बोटे रंगतात, हे मला ठाऊक होते. पण ज्या शहरात निम्म्या हातांवर मेंदी असते, तिथे रंगलेली बोटे हा पुरावा म्हणून टिकत नाही. मी थेट विचारले.

"चाची, आमच्या तेरड्याची रोपं कुठे दिसली का?"

"तेरडा?" त्या म्हणाल्या. "म्हणजे काय असतं, भाऊ?"

चिपळूणची बाई तेरडा म्हणजे काय असे विचारते, हे ऐकून मी जिन्यावरच्या कठड्याला धरले. चिपळूणच्या माणसाने पाऊस म्हणजे काय असे विचारावे, तसेच हे. "चाची, तुमच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे असतं ते."

"रस्त्याच्या बाजूला दुकानं असतात," त्या म्हणाल्या. "मशीन चालू आहे माझं, जाते मी." आणि दार लागले. मशीन चालू नव्हते. मी कान देऊन ऐकले.

खाली येऊन मी सांगितले. नयना घाबरली. "चाचींना चोर म्हणालास?"

"म्हणालो नाही. सूचित केलं."

आईने डोळे मिटून जपमाळ ओढायला घेतली. ती जप करत नाही. ती माळ शेजारच्या कुणीतरी भेट दिलेली, कपाटात पडलेली होती. हेही मी पाहिले आणि त्यातून काहीच निष्कर्ष काढला नाही. वीस वर्षांचा अनुभव असाच वेळेवर कामाला येत नाही.

आता कळ्यांवर आलेली बरोबर पाच रोपे उरली होती. गौर चार दिवसांवर. मी ठरवले की ही पाच वाचवायची. औद्योगिक वसाहतीतून पारदर्शक प्लास्टिकचे जाड तक्ते आणून पेटी करवून घेतली, चारही बाजूंनी बंद, वर कडी, कडीला कुलूप. जाळी आडवी येत होती म्हणून काढली. पाइपासाठी भोक ठेवले तर हात आत जाईल, म्हणून भोक ठेवले नाही. किल्ली खिशात टाकून समाधानाने कचेरीत गेलो. त्या दिवशी पान एकवर मथळ्यात एक चूक गेली, तीही मला दिसली नाही, इतका मी निश्चिंत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला झोप जास्त लागली. दुपारी नयनाने हलवून उठवले. "अबू सालिम आलेत. पेटी उघड म्हणतायत."

बाहेर अबू सालिम शुभ्र पायघोळ दिशदाशा घालून, हात मागे बांधून उभे होते. आधी जाळी, आता कुलूप. माणसाच्या सहनशीलतेलाही मर्यादा असतात. "शोभा को ताला?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "चोरी होती है, अर्बाब."

"फूल की?"

कुंपणापलीकडे अंबरीश उभा होता. बोलणे बंद असल्यामुळे तो फक्त पाहत होता. जिन्यावर चाची होत्या. आई खुर्चीवर. पेटी आतून वाफेने पांढरी झाली होती, काही दिसत नव्हते. मी सर्वांसमोर कुलूप काढले आणि झाकण उचलले.

आतून वाफ आली. अळूवड्यांचे उंडे उकडलेल्या पातेल्याचे झाकण काढावे तशी, भरभरून. वाफ विरली तेव्हा पाचही रोपे दिसली. ती उकडली होती. काळपट हिरवी, कुंडीच्या कडेवर मान टाकून पडलेली. कळ्यांची पेज झाली होती.

अबू सालिम वाकले, एक पान चिमटीत धरले, ते चिमटीतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय पहिल्यांदाच पूर्ण गेला. इतक्या निरुपयोगीपणे कुणी गुन्हा करत नाही, हे त्यांना पटले असावे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खलास," ते हळू म्हणाले.

"जाळी काढायची नसते, गाढवा," अंबरीश कुंपणावरून म्हणाला. बोलणे सुरू झाले, एवढेच त्यातले बरे.

नयना आत गेली. मी मागोमाग गेलो. ती देव्हाऱ्यापुढे बसून मुखवटा जुन्या मऊ साडीत गुंडाळत होती. "वहिनींना कळवते," ती म्हणाली. "देवळात द्यायचा ना. दार्सैतच्या देवळात देऊ. निदान इथे राहील." ती रडत नव्हती. मुखवट्याच्या नाकातली नथ साडीत अडकू नये म्हणून फार जपत होती, आणि ते बघणे जास्त कठीण होते. आयुष्यात मी अनेक मजकूर कापले, पण माझ्या हाताने पुरता मारलेला हा पहिलाच.

आई दारात आली. "गुंडाळू नकोस. वर चल."

"वर कुठे?"

"खैरूनकडे. आणि जयप्रकाश, तू तो फ्रिजवरचा कागद वाचायचा नाहीस."

चाचींची शिवणाची खोली उत्तरेकडची, दिवसभर एसी चालू, खिडकीत मंद उजेड. खिडकीच्या कट्ट्यावर तुपाच्या तीन रिकाम्या डब्यांत तीन, आणि प्लास्टिकच्या दोन बरण्यांत दोन, असे तेरडे उभे होते. गुलाबी फुलले होते. मी मोजले. मग पुन्हा मोजले. पाच. माझ्या हिशेबात तीनच गेली होती; म्हणजे मोजण्यात मी खरोखर चुकलो होतो, आणि ते नयनाच्याही लक्षात आले होते.

"आई, हे तू केलंस?"

"मग काय करू? तू अंगणात लावलीस, वाढवलीस, आणि तिथूनच घरात आणणार होतास. गौर माहेरपणाला येते रे. जी कधी सासरी गेलीच नाही, ती माहेराला येणार कुठून? घरातल्या घरात फिरवायची का तिला?"

"हे आधी सांगायचं!"

"तू अट वाचून दाखवत होतास. दोनदा. पत्त्याबाहेर नेलं असतं तर माझं नाव छापलं असतंस." मग तिने विजयाने पुस्ती जोडली, "व्हिला तोच. पत्ता तोच. मी दारावरचा नंबर बघून घेतलाय."

मी चाचींकडे वळलो. "आणि तुम्ही? तेरडा म्हणजे काय?"

"ताईंनी शपथ घातली होती, भाऊ. खोटं बोलताना जीभ अडखळली माझी." त्यांनी केशरी बोटे पुढे केली. "चार पानं मात्र मी खुडली. लहानपणापासून बोटं रंगवायची सवय."

तर गौर आली ती अशी. आवाहनाच्या दिवशी नयना वर गेली, पाच रोपे मुळांसकट, मातीसकट एकत्र बांधली, आणि पदराखाली घेऊन जिना उतरू लागली. आई खाली ताम्हण घेऊन उभी. अंबरीश ताट वाजवत होता, ताल चुकवत होता. जिन्याच्या मध्यावर वरून हाक आली.

"थांबा."

खैरुन्निसाचाची कठड्याशी उभ्या होत्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या आणि चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता. नयनाने मात्र पाहिला असावा, कारण ती आपोआप सरळ उभी राहिली.

"आमच्याकडून धडधाकट निघालीय," चाची म्हणाल्या. "जाते माहेरी, जाऊ दे. माझी ना नाही. पण तुमच्याकडे तिला आधी कसं ठेवलं होतं ते मी वरून बघितलंय. बर्फात! मग पेटीत कोंडून! म्हणून विचारते, नीट ठेवणार ना?"

"हो," नयना म्हणाली.

"जेवायला काय?"

"आज भाजी-भाकरी, उद्या पुरणपोळी, सोळा भाज्या, घाटलं..."

"पाणी?"

"वेळच्या वेळी."

"एसी?"

"चोवीस."

चाचींनी जरा विचार केला. "बावीस ठेवा. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मला दारात हवी."

आई खालून कौतुकाने पाहत होती. एका सासूने दुसरीचे काम पाहावे तसे.

गौर बसली. साडी नेसली, नथ चढली, मुखवट्याच्या मागून गुलाबी फुले डोकावत होती. वहिनींना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच म्हणाल्या, "जवळ ने गं. खाली. आणखी खाली. मुळं दाखव." नयनाने साडीची निरी बोटभर उचलली. मुळे दिसली. त्यावरची माती पाटावर सांडली.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या घराण्यात ही मोठी पावती समजतात. शेवटी त्यांनी विचारले, "आणलं कुठून?"

"सासरहून," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

आईने फोन बंद केला. नेटवर्क गेल्याचे नंतर कळवण्यात आले.

तिसऱ्या दिवशी मुखवटा उतरवला, निर्माल्य बादलीतल्या पाण्यात सोडले. सासरी पाठवली की विसर्जनच, असा निर्णय आईने दिला आणि मी त्याला आधार विचारला नाही. नयना रोपे घेऊन वर गेली. मी मागे. चाचींनी दार सताड उघडले, पण आत या म्हणाल्या नाहीत. त्यांनी रोपांची जुडी हातात घेतली, चष्मा लावला, एकेक पान उलटेपालटे केले, मुळांना हात लावून ओलावा पाहिला. एका फांदीचे खालचे पान पिवळे पडले होते. त्यांनी ते चिमटीत धरून आमच्यासमोर आणले.

"उपाशी ठेवलीत?" त्यांनी विचारले.

खाली आमच्या स्वयंपाकघरात सोळा भाज्यांची सोळा पातेली घासायची पडली होती. नयनाने एकदा त्या पानाकडे पाहिले, एकदा चाचींकडे, आणि मान खाली घालून म्हणाली, "पुढच्या वर्षी असं होणार नाही."

"पुढच्या वर्षी पाठवीन की नाही, ते बघू," चाची म्हणाल्या आणि दार लावून घेतले.